कोकणातल्या दोन एकरांना किती एचपीचा ट्रॅक्टर?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ट्रॅक्टरचे टायर आणि बरेचसे सुटे भागही १८ वरून ५ वर उतरले. करापूर्वीची किंमत पाच लाख धरली तर सरळ ३५ हजारांचा फरक. तेव्हापासून मंडणगडापासून सावंतवाडीपर्यंत घरोघरी एक चर्चा रंगते आहे. गोठ्यातली बैलजोडी केव्हाच गेली, नांगरणीला माणूस मिळत नाही, वडील साठी ओलांडलेले. मुंबईला नोकरी करणारा मुलगा शिमग्याला गावी येतो आणि म्हणतो, "बाबा, ट्रॅक्टरच घेऊन टाकूया." इथवर सगळ्यांचं एकमत असतं. पण किती मोठा घ्यायचा, हे विचारलं की जो तो आपलं घोडं पुढे दामटतो. शोरूममधला विक्रेता सांगतो, "दादा, पाच एचपी जास्तच घ्या, पुढे कामाला येतील." घाटावरचे पाहुणे म्हणतात, पंचेचाळीसच्या खालचा ट्रॅक्टर म्हणजे खेळणं. शेजारचे काका मात्र एवढंच विचारतात, "अरे, पण तो आपल्या खाचरात फिरायचा कसा?"

माझं मत काकांच्या बाजूने आहे. देशावर ट्रॅक्टरचं माप सगळ्यात जड कामावरून ठरतं आणि तिथे ते बरोबरही आहे. आपल्याकडे ते सगळ्यात अरुंद जागेवरून ठरवावं लागतं. जड काम वर्षातून एकदा येतं, ते भाड्याने करून घेता येतं. अरुंद जागा रोजची असते.

एचपी म्हणजे नक्की काय

एचपी हे इंजिनाच्या ताकदीचं माप. एक एचपी म्हणजे सुमारे ७४६ वॉट. अंदाज यावा म्हणून सांगायचं तर चांगली बैलजोडी दिवसभर जोताला धरली की साधारण एक एचपीच्या आसपास काम देते. म्हणजे १५ एचपीचा अगदी लहान ट्रॅक्टरसुद्धा कागदावर डझनभर जोड्यांचा धनी ठरतो. कागदावर, कारण इंजिनाची सगळी ताकद जमिनीपर्यंत पोचत नाही.

ट्रॅक्टरच्या मागे एक फिरता दांडा असतो, त्याला पीटीओ म्हणतात. रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार), फवारणीचा पंप, मळणीयंत्र यांना ताकद मिळते ती या दांड्यातून. तिथे पोचेपर्यंत इंजिनाच्या एचपीतले दहा-पंधरा टक्के गिअरमध्ये आणि घर्षणात जिरतात. २४ एचपीच्या ट्रॅक्टरकडून पीटीओवर वीस-एकवीसच मिळतात. जाहिरातीत ठळक छापलेला आकडा इंजिनाचा असतो. अवजार निवडायचं असेल तर पीटीओचा आकडा विचारायचा.

हा आकडा विक्रेत्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा छापील मिळवलेला बरा. मध्य प्रदेशात बुधनी इथे केंद्र सरकारची कृषी यंत्रांची परीक्षण संस्था आहे. तिथल्या चाचणी अहवालात पीटीओची ताकद, ओढण्याची क्षमता, तासाला लागणारं डिझेल आणि ट्रॅक्टरचं वजन हे सगळं मोजून लिहिलेलं असतं. शोरूममध्ये जाऊन "टेस्ट रिपोर्ट दाखवा" म्हटलं की समोरच्याचा सूर बदलतो, एवढा फायदा तर नक्कीच होतो.

आता हिशेब सोपा आहे. रोटाव्हेटरच्या दर फूट रुंदीला ढोबळ मानाने सहा ते आठ एचपी लागतात. माती हलकी असेल तर थोडे कमी, चिकट असेल तर थोडे जास्त. त्यामुळे वीस-पंचवीस एचपीला तीन ते चार फुटांचा रोटाव्हेटर, पंचेचाळीसला सहा फुटांचा. फवारणीच्या एचटीपी, म्हणजे जास्त दाबाच्या, पंपाला मात्र तीन-पाच एचपी पुरतात. ज्याची मुख्य शेती म्हणजे आंबा-काजूची बाग, त्याला इंजिनाच्या ताकदीची चिंता करायचं फारसं कारणच नाही. त्याची चिंता वेगळी आहे, ती पुढे येईल.

ताकद आहे, पण पाय कुठे टेकतात?

शेवाळलेल्या पाखाडीवर पैलवान उभा केला तरी त्याच्या दंडाचा उपयोग शून्य. पाय घसरला की संपलं. जूनच्या शेवटी चिखलणीला उतरलेल्या ट्रॅक्टरचं हेच होतं. इंजिन ओरडत असतं, मागची चाकं जागच्या जागी फिरतात आणि ट्रॅक्टर पुढे जायच्या ऐवजी खाली जातो.

चाकाला पकड मिळते ती वजनातून, टायरच्या नक्षीतून आणि किती चाकांना इंजिनाची ताकद पोचते त्यातून. साध्या ट्रॅक्टरची फक्त मागची दोन चाकं ओढतात. फोर बाय फोरमध्ये पुढचीही दोन चाकं ओढतात. कोरड्या, सपाट वावरात हा फरक फार जाणवत नाही. भाताच्या चिखलात आणि बागेच्या चढावर तो रोज जाणवतो. म्हणून मी म्हणेन, कोकणात पैसे वाढवायचेच असतील तर एचपीवर वाढवू नका, चारही चाकांवर वाढवा. १८ ते २४ एचपीचा फोर बाय फोर हा ३० एचपीच्या साध्या ट्रॅक्टरपेक्षा आपल्या खाचरात अधिक काम करून जाईल.

"मग वजनच वाढवू की, पकड आपोआप येईल," असं कुणी म्हणेल. देशावर हेच करतात, चाकांना लोखंडी वजनं लावतात, टायरमध्ये पाणी भरतात. भातशेतीत ते अंगाशी येतं. वर्षानुवर्षं चिखलणी करून खाचराच्या तळाशी एक घट्ट थर तयार झालेला असतो. पाणी तुंबून राहतं ते त्याच्या जिवावर. पंचेचाळीस एचपीचा ट्रॅक्टर साधारण दोन टनांचा असतो. तो एकाच जागी रुतून चाकं फिरवत राहिला की हा थर फुटतो, आणि त्या जागेतून पाणी खाली जायला लागतं. पुढच्या हंगामात तिथलं भात सगळ्यात आधी सुकतं. वीस-पंचवीस एचपीचे छोटे ट्रॅक्टर बहुतेक सातशे किलो ते एक टन यांच्या दरम्यान भरतात. त्यांना चिखलणीसाठी लोखंडी जाळीची चाकं, म्हणजे केज व्हील, लावली की पुरेशी पकड मिळते आणि तळही शाबूत राहतो.

आधी टेप, मग शोरूम

तालुक्याच्या गावी चौकशीला जायच्या आधी घरातला मोजमापाचा टेप घ्या आणि शेतावर जा. सोबत कुणीतरी टोक धरायला हवं.

पहिलं माप वाटेचं. ट्रॅक्टर घरापासून शेतापर्यंत कुठून जाणार? पाणंदीतून, दगडी गडग्यांच्या मधून, कुणाच्या तरी कुंपणाच्या बेड्यातून. मोठा ट्रॅक्टर बाहेरून पावणेसहा-सहा फूट रुंद असतो, लहानांतले बरेचसे साडेतीन-चार फुटांत बसतात. वाट सरळ असेल तर सहा इंच मोकळे पुरतात. वळण असेल तर पुरत नाहीत, कारण मागचं अवजार वळताना बाहेर फेकलं जातं. लांज्याकडच्या एका वाडीत मी हे समोर पाहिलं आहे. नवा कोरा मोठा ट्रॅक्टर, बोनेटवर अजून हार. पाणंदीच्या वळणावर रोटाव्हेटरचा कोपरा गडग्याला लागला. मागे घ्यावा तर पलीकडचं चाक व्हाळात, म्हणजे ओढ्यात. शेवटी दोघांनी गडग्याचे दगड एकेक करून उतरवले, ट्रॅक्टर पार झाला, दगड पुन्हा रचले. संध्याकाळी परतताना तेच. ज्याचा गडगा होता तो म्हातारा पायरीवर बसून सगळं बघत होता. तिसऱ्या दिवशी त्याने सांगितलं, "आता तुमचा ट्रॅक्टर तिकडेच ठेवा."

दुसरं माप खाचराचं. इथे जरा थांबून गणित करू, कारण सगळा प्रश्न इथेच सुटतो. एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट. डोंगरउतारावरच्या मळ्यांत एकेक खाचर दोन-तीन गुंठ्यांचं असणं अगदी नेहमीचं. मोठा ट्रॅक्टर अवजारासकट चौदा-पंधरा फूट लांब होतो. बांधाला नाक लागलं की तेवढी जागा त्याला वळायला लागते, दोन्ही टोकांना. ३३ फुटांतून तीस गेले, सरळ नांगरायला उरले तीन फूट. बाकी सगळं पुढे-मागे, पुढे-मागे. छोटा ट्रॅक्टर अवजारासकट दहा-अकरा फुटांत मावतो, त्याला सरळ ओढीला अकरा-बारा फूट मिळतात. खाचर ६६ फूट लांब असेल तर मोठ्याला ३६ आणि छोट्याला ४४. लांबी शंभराच्या पुढे गेली की मोठ्याची रुंदी त्याच्या कामाला यायला लागते आणि दोनशेच्या पुढे छोटा मागे पडतो. म्हणून पेण-अलिबागकडच्या खलाटीत, जिथे सपाट मोठे तुकडे आहेत, तिथलं उत्तर संगमेश्वर-राजापूरच्या मळ्यांना लावू नये.

तिसरं माप बांधाच्या उंचीचं. एका खाचरातून खालच्या खाचरात ट्रॅक्टर कसा उतरवणार? फूटभराचा बांध फळ्या टाकून पार होतो. तीन फुटांचा होत नाही, तिथे उतार काढावा लागतो आणि त्यासाठी जमीन जाते. ज्यांची खाचरं पायऱ्यांनी उतरतात त्यांनी हे माप आधी घ्यावं, बाकीची नंतर.

चौथं बागेतलं. हापूसची कलमं पूर्वीच्या पद्धतीने १० मीटरवर, नारळ साडेसात मीटरवर, सुपारी २.७ मीटरवर. अंतरं बघितली तर आंब्यात कुठलाही ट्रॅक्टर जाईल असं वाटतं. पण टेप उभा धरा. जुन्या कलमांच्या फांद्या जमिनीपासून किती उंचीवर आहेत? उभा सायलेन्सर आणि डोक्यावरची संरक्षक कमान धरून मोठा ट्रॅक्टर सात-आठ फुटांवर जातो. ऐन मोहोरात फांद्यांना धडका देत फिरायचं का? सुपारीच्या आगरात तर पाट, पाइप आणि वरवरची मुळं पाहता मी कुठलाही ट्रॅक्टर घालणार नाही. आणि कलमाच्या आळ्याजवळ रोटाव्हेटर फिरवण्याचा मोह टाळाच. आपली जांभी माती उथळ, अन्न शोषणारी बारीक मुळं वरच्याच थरात असतात. बागेतलं गवत काढायला ग्रासकटर आहे.

कातळावरच्या बागा असणाऱ्यांना हे वाचून हसू येत असेल. सड्यावर नांगरायचं काय, तिथे सुरुंगाने खड्डे मारून माती आणून कलमं लावलेली. तिथे ट्रॅक्टरचं काम एकच, पाणी आणि माल वाहणं.

मोठा घेतला तर बिघडलं कुठे?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे. तर्क असा की मोठा ट्रॅक्टर छोटं काम करू शकतो, छोटा मोठं करू शकत नाही.

पहिली गोष्ट डिझेलची. मोठं इंजिन अर्ध्याहून कमी भारावर चालवलं तरी स्वतःला फिरवायला, दोन टनांचं धूड हलवायला डिझेल पितंच. ज्या कामाला छोटा तासाला अडीच-तीन लिटर घेतो त्याच कामाला मोठा चार-पाच घेईल. दुसरं, सुटे भाग, टायर, सर्व्हिसचं तेल, विमा, सगळं माणसाच्या नव्हे तर ट्रॅक्टरच्या मापाने येतं. तिसरं अडकलेल्या पैशाचं, ते पुढच्या हिशेबात दिसेल.

पण एका जागी मोठ्याची बाजू खरी आहे, ती मान्य करायला हवी. ती म्हणजे ट्रॉली. वीस किलोचे पन्नास क्रेट म्हणजे एक टन. हजार लिटरची पाण्याची टाकी म्हणजे एक टन, वर ट्रॉलीचं स्वतःचं वजन. चढावर ओढायला छोटा ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये कुंथत का होईना, जातो. धोका उतारावर असतो. आठशे किलोच्या ट्रॅक्टरमागे दोन टनांची भरलेली ट्रॉली असेल, तर उतारावर ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलत नेते. ब्रेक लागले तरी चाकं घसरतात, ओल्या जांभ्या रस्त्यावर तर हमखास. तेव्हा ज्याला घाटीतून रोज माल वाहायचा आहे, म्हणजे आंब्याच्या हंगामात बाग ते पॅकिंग अशा दिवसाला पाच-सहा फेऱ्या, त्याने तीसच्या पुढचा विचार जरूर करावा, किंवा माल वाहायला वेगळा टेम्पो ठेवावा. मला दुसरा पर्याय जास्त पटतो.

छोटा घेणाऱ्यांनी तीन गोष्टी पाळाव्यात. ओझं बेतात. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर, मध्ये न्यूट्रल नाही. आणि ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात, शेतात चटकन वळायला ते सुटे वापरतात, पण रस्त्यावर आलं की दोन्ही पेडल एकत्र अडकवायचे. हे न केल्याने एकाच बाजूचा ब्रेक लागून ट्रॅक्टर उलटल्याचे प्रकार होतात.

मग सगळ्यात अरुंदच घ्यावा का?

नाही. अरुंद ट्रॅक्टर वाटेत मावतो, पण बाजूच्या उताराला तोच आधी कलंडतो. दोन चाकांमधलं अंतर कमी आणि बसलेल्या माणसाचं वजन वर, मग एक चाक खड्ड्यात आणि दुसरं दगडावर गेलं की पुरे. बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरांत चाकांमधलं अंतर कमी-जास्त करता येतं. विकत घेताना ते करून दाखवायला सांगा, आणि बागेत उतारावर काम असेल तेव्हा चाकं रुंदीला ठेवा. उतारावर शक्य तितकं सरळ वर-खाली चालवायचं, आडवं नाही. भरलेलं अवजार घेऊन खडा चढ चढायचा असेल तर मागे-मागे चढणं अधिक सुरक्षित, पुढचं तोंड उचललं जात नाही. आणि फिरत्या पीटीओजवळ लुंगी, पंचा, पदर काहीही लोंबतं नको, दांड्यावरचं प्लास्टिकचं कवच काढून टाकलेलं नको. हे मापाशी संबंधित नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बाजारात आज या गटात बरीच निवड आहे. महिंद्रा युवराज २१५ आणि स्वराज ७१७ हे १५ एचपीचे, व्हीएसटीचा एमटी १८० हा साडेअठराचा, कुबोटाचा ए २११ एन हा २१ चा फोर बाय फोर, महिंद्रा जिवो २४५ हा २४ चा फोर बाय फोर. ही यादी पूर्ण नाही आणि शिफारसही नाही. एकमेकांशी ताडून बघायला नावं हवीत म्हणून दिली.

पॉवर टिलर असताना ट्रॅक्टर कशाला?

कोकणात हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. गेल्या काही वर्षांत भातशेतीतली बैलांची जागा खरी घेतली ती पॉवर टिलरने. बारा-तेरा एचपी, चार-पाचशे किलो वजन, बांधावरून दोघांनी मिळून काढता येतो, कोपऱ्यात जागच्या जागी वळतो. पायऱ्यांच्या खाचरांना आजही त्याला तोड नाही.

त्याची अडचण माणसाची आहे. टिलरच्या मागून चालावं लागतं. दोन फूट रुंदीचा टिलर एक एकर एकदा फिरवायचा म्हणजे साडेसहा किलोमीटर चालणं, गुडघाभर चिखलात, दोन्ही हातांनी मूठ दाबत. चिखलणीला निदान दोन फेऱ्या, म्हणजे एकराला तेरा किलोमीटर. पंचवीस वर्षांचा पोरगा हे करेल, पण तो पोरगा गोरेगावात आहे. गावात उरलेल्या बासष्ट वर्षांच्या माणसाला हे झेपत नाही, आणि बहुतेक घरांत चालवणारा तोच आहे.

तेव्हा बसून चालवायचं यंत्र हवं असं वाटणं चैन नाही. खाचरं पाच गुंठ्यांच्या वरची आणि बांध बुटके असतील तर अठरा ते चोवीस एचपीचा छोटा ट्रॅक्टर. त्याहून लहान, उंच-सखल असतील तर टिलर, आणि तो चालवायला गडी. दोन्ही प्रकारची जमीन असेल, आणि ती बहुतेकांची असते, तर जिथे जास्त क्षेत्र तिथला विचार करायचा आणि उरलेलं दुसऱ्याकडून करून घ्यायचं.

हिशेब एकरांचा नाही, तासांचा

दोन एकर भात आणि पन्नास कलमं असलेल्या घराचं उदाहरण घेऊ. तीन-साडेतीन फुटांचा रोटाव्हेटर लहान खाचरांत एकराला एका फेरीला साधारण तीन तास घेतो. दोन एकर, दोन फेऱ्या, बारा तास. भातानंतर कुळीथ, चवळी किंवा पावट्यासाठी थोडी मशागत, धरा पाच तास. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकाप्रमाणे मोहोरावर सहा फवारण्या, प्रत्येकीला चार तास, झाले चोवीस. शेणखत, गवत, लाकूड, क्रेट यांची वाहतूक चाळीस. बेरीज जेमतेम ऐंशी तास. वर्षाला.

आता ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर मिळून पाच लाखांना घेतला, दहा वर्षांनी दीड लाखाला विकला असं समजू. वर्षाचा घसारा, म्हणजे किमतीतली घट, ३५ हजार. अडकलेल्या पैशावर सरासरी दहा टक्के व्याज धरलं तर साडेबत्तीस हजार. विमा, सर्व्हिस, किरकोळ दुरुस्ती वीस हजार. म्हणजे ट्रॅक्टर नुसता पडवीत उभा राहिला तरी वर्षाला साडेसत्त्याऐंशी हजारांच्या घरात. ऐंशी तासांनी भागा, तासाला जवळपास अकराशे रुपये, डिझेल वेगळं. तोच ट्रॅक्टर तीनशे तास चालला तर तासाला तीनशेच्या आत येतो.

या आकड्याशेजारी तुमच्या गावातला भाड्याचा तासाचा दर लिहा. उत्तर आपोआप दिसेल. बऱ्याच घरांचं उत्तर "कुठलाच घेऊ नका" असं येतं, आणि ते उत्तर कुठलाही विक्रेता देणार नाही. ज्याला घ्यायचाच आहे त्याने उरलेले दोनशे तास कुठून आणायचे ते आधी ठरवावं: भावकीची खाचरं, शेजारच्या बागांची फवारणी, गावातली वाहतूक. आणि इथे गंमत अशी की शेजाऱ्याच्या वाटाही तुमच्याच मापाच्या असतात. छोटा ट्रॅक्टर वाडीत भाड्याने जास्त घरी पोचतो.

पण भाड्याचा ट्रॅक्टर वेळेवर येत नाही

खरं आहे. पाऊस पडतो सगळ्यांच्या खाचरात एकदम. रोपं एकवीस-पंचवीस दिवसांची झाली की सगळ्यांना ट्रॅक्टर त्याच आठवड्यात हवा असतो. आज येतो म्हणून सांगितलेला माणूस चार दिवसांनी उगवतो, तोवर रोपं वयस्क होतात आणि फुटवे कमी येतात.

यावर वाडीतल्या चार-पाच घरांनी मिळून एक यंत्र घेणं हा उपाय आहे, पण क्रम, चालक आणि दुरुस्तीचा खर्च हे तीन मुद्दे कागदावर लिहून सह्या झाल्याशिवाय त्यात पडू नये. सख्ख्या भावांनीसुद्धा. सोपी युक्ती म्हणजे रोपवाटिका टप्प्याने टाकणं. सगळ्यांनी एकाच दिवशी पेरणी न करता पाच-पाच दिवसांचं अंतर ठेवलं, हळवे-गरवे (लवकर आणि उशिरा तयार होणारे) वाण वाटून घेतले, तर एक ट्रॅक्टर तीन आठवडे पुरतो. बैलांच्या काळात पैरा घालायचे, म्हणजे एकमेकांच्या शेतावर आळीपाळीने काम करायचे, त्यातही पाळ्या ठरवाव्याच लागायच्या.

अनुदान मिळतंय, मग मोठाच घेऊ

कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत अल्प व अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीचे शेतकरी यांना किमतीच्या ५० टक्के आणि इतरांना ४० टक्के, असं सांगितलं जातं. पण त्याला वरची मर्यादा आहे, आणि राज्यात ट्रॅक्टरसाठी ती एक ते सव्वा लाखाच्या आसपास राहिलेली आहे. नऊ लाखांच्या ट्रॅक्टरला पन्नास टक्के मिळतील या आशेवर बसू नका. साडेतीन-चार लाखांच्या छोट्या ट्रॅक्टरला मिळालेला लाख-सव्वा लाख हा किमतीचा मोठा हिस्सा ठरतो.

अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर होतो, आणि शेतकरी ओळख क्रमांक लागतो. सगळ्यात महत्त्वाचं: पूर्वसंमती हातात येण्याआधी खरेदी केली, तर अनुदान गेलं. कोकणातली खास अडचण सातबाऱ्याची. पणजोबांच्या नावापासून सतरा सहहिस्सेदार, त्यातले निम्मे मुंबईत, दोघे सुरतेला. संमतीपत्रं गोळा करायला ट्रॅक्टर निवडण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. ते काम गणपतीत, सगळे गावी असताना उरकावं.

जुना मिळत असेल तर

घाटावरून आलेले जुने पस्तीस-चाळीस एचपीचे ट्रॅक्टर छोट्या नव्याच्या निम्म्या किमतीत मिळतात. वाट आणि खाचर मोठं असेल तर बघायला हरकत नाही. छोटे जुने मात्र नीट तपासून घ्या, विशेषतः चिखलणीला आणि खाडीकाठी वापरलेले. मागच्या धुऱ्याचा तेलाचा बोल्ट थोडा सैल करून तेल बघा, पांढरट आलं तर सील जाऊन आत पाणी शिरलं आहे. पत्रा रंगवून चकाचक करता येतो, त्यामुळे बोनेट सोडून खाली वाका आणि पायठेव्याच्या खालची बाजू, बॅटरीचा खण, वायरिंगची टोकं बघा, खारी हवा तिथे आधी खाते. इंजिन थंड असताना स्वतः चालू करून बघा, मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर थंड होईपर्यंत थांबा. सुटा भाग चिपळूण, रत्नागिरी किंवा कुडाळला मिळतो की कोल्हापूरहून मागवावा लागतो, हे विक्रेत्याला नको, जवळच्या मेकॅनिकला विचारा. आणि आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते बघून मगच विसार द्या.